घटक ४ : इरावती कर्वे – कवटीच्या मापाकडून कर्णाच्या प्रश्नाकडे

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• इरावती कर्वे यांच्या जीवनाचा आणि अभ्यासकार्याचा परिचय करून देता येईल.
• वंश, जात आणि ओळख या संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.
• ओळख लपविण्याच्या अनुभवावर आधारलेले साहित्य कोणते प्रश्न उपस्थित करते, ते सांगता येईल.
• असे साहित्य वर्गात वाचताना व शिकविताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बाबुराव बागूल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाचा परिचय करून घेतला. संग्रहाला नाव देणाऱ्या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही आणि ती उघड झाल्यावर मार खातो. या अनुभवाला मराठीत 'जात चोरणे' असा शब्दप्रयोग आहे. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दप्रयोगापाशी थोडे थांबले पाहिजे. एरवी चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते; येथे मात्र माणूस स्वतःचीच गोष्ट झाकतो आणि तरी चोर ठरतो. 'अंग चोरणे' या प्रयोगातही हेच घडते : गर्दीत कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून माणूस स्वतःचे शरीर आक्रसून घेतो. जात चोरणे हे अशाच प्रकारचे आक्रसणे आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांनी या अनुभवावर कादंबऱ्या लिहिल्या. वर्णाने उजळ असलेली कृष्णवर्णीय व्यक्ती गोऱ्या समाजात गोरी म्हणून वावरते, याला तेथे 'पासिंग' म्हणतात. नेला लार्सन यांची याच नावाची कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पुण्याची एक तरुण विद्यार्थिनी बर्लिनमधील एका संस्थेत मानवी कवट्यांची मापे घेत होती. माणसाचा वंश त्याच्या हाडांवरून ओळखता येतो आणि त्यावरून त्याच्या बुद्धीची प्रतही ठरते, असे तिच्या मार्गदर्शकाचे मत होते. ती विद्यार्थिनी म्हणजे इरावती कर्वे. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांनी 'युगान्त' लिहिले आणि त्यात कर्णाची कहाणी नव्याने वाचली. माणूस कोण आहे, हे कशावरून ठरते, या प्रश्नाशी त्यांचा संबंध प्रयोगशाळेत आला, गावोगावच्या पाहणीत आला आणि अखेर साहित्यातही आला. म्हणूनच ओळखीच्या साहित्याचा अभ्यास करताना त्यांचे चरित्र उपयुक्त ठरते.

४.२ हिंगणे आणि कर्वे घराणे

आज पुण्यात ज्या भागाला कर्वेनगर म्हणतात, तो पूर्वी हिंगणे बुद्रुक या नावाने ओळखला जाई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. आरंभी तेथे एक झोपडीच होती. १९१६ साली महिला विद्यापीठाचा प्रारंभही याच ठिकाणी झाला. गावाचे नाव मागे पडून वस्तीला अण्णांचे आडनाव मिळाले, ते या कार्यामुळे.

अण्णांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. या विवाहामुळे अण्णांच्या मुरूड गावातील ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्या काळी ब्राह्मण विधवेची ओळख तिच्या शरीरावरच कोरलेली असे : केशवपन केलेले मस्तक, अंगावर एकरंगी वस्त्र, कपाळावर कुंकू नाही. ही चिन्हे निसर्गाने दिलेली नव्हती. समाज ती लादत असे आणि मग त्याच चिन्हांवरून त्या स्त्रीला ओळखत असे. हिंगण्याच्या आश्रमाने विधवेला शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी अशी दुसरी ओळख मिळवून दिली. मात्र आश्रमाचा लाभ प्रारंभी मुख्यतः ब्राह्मण विधवांनाच झाला, हेही नोंदविले पाहिजे. जातिविषमतेच्या निवारणासाठी अण्णांनी समता संघ स्थापन केला तो १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. एका ओळखीची बेडी तोडणाऱ्या संस्थेलाही दुसऱ्या बेडीपर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, हे यावरून ध्यानात येते.

आनंदीबाई आणि अण्णा यांचे पुत्र दिनकर धोंडो कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. इरावतीबाई त्यांच्या पत्नी. ज्या विवाहाला जातीने नाकारले, त्या विवाहातून जन्मलेल्या पुरुषाशी त्यांनी संसार केला.

४.३ बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागा शाळेत ठेवले गेले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात त्या वाढल्या. त्या घरातील मोकळ्या, बुद्धिवादी वातावरणाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले. १९२८ सालच्या एम. ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे ज्या ज्ञातीत आपण जन्मलो तिचाच.

हा विषय त्या काळी वादाचा होता. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीची मापे घेऊन असे प्रतिपादन केले होते की, जातीचा दर्जा जितका वरचा तितके नाक अरुंद. १९०१ च्या जनगणनेची सूत्रे त्याच्याच हाती होती. या मताप्रमाणे जातिव्यवस्था ही मुळात वंशभेदाची व्यवस्था ठरते. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या जात व वंश यांवरील ग्रंथात याच मापांची फेरतपासणी करून दाखविले की, उत्तरेचा काही भाग वगळता हा नियम देशात इतरत्र लागू पडत नाही. चित्पावनांच्या गोऱ्या वर्णावरून आणि घाऱ्या डोळ्यांवरून ते परदेशांतून आले असावेत, असे तर्कही प्रचलित होते. उत्पत्तीची पौराणिक कथा आणखी वेगळी आहे. समुद्रकिनारी वाहून आलेली प्रेते परशुरामाने चितेवर पावन करून सजीव केली आणि त्यांना ब्राह्मण केले, असे ती सांगते. इरावतीबाईंनी परशुरामाच्या आख्यायिकेवर पुढे स्वतंत्र लेखनही केले. ही आख्यायिका आपण लक्षात ठेवावी. परशुरामाची भेट आपल्याला पुन्हा होणार आहे.

४.४ बर्लिनमधील प्रबंध

नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला गेल्या. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते आणि पत्नीनेही तेथे शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या अण्णांचा मात्र या बेताला विरोध होता. डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जामुळे हा प्रवास शक्य झाला.

बर्लिनच्या दालेम या उपनगरात १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑइगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर यांनी पूर्वी आफ्रिकेच्या नैऋत्य भागातील जर्मन वसाहतीत संमिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता आणि वंशसंकर अनिष्ट आहे, या मताचे ते पुरस्कर्ते होते. युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कनिष्ठ असते आणि त्याची खूण कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंच्या असमानतेत सापडली पाहिजे, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पनेची पडताळणी करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्यांची मापे घेतली. त्यांत युरोपीय कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना कोणी विचारलेले नव्हते. मापे घेऊन झाल्यावर निष्कर्ष निघाला तो असा : माणसाच्या कवटीत असमानता असते, पण ती वंशावर अवलंबून नसते. हा प्रबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. इरावतीबाई परक्या देशात, कर्जाऊ पैशांवर, वसाहतीतून आलेली एक स्त्री म्हणून शिकत होत्या. मार्गदर्शकाची उपपत्ती खरी मानली, तर त्यांची स्वतःची बुद्धीही युरोपीय माणसापेक्षा खालच्या प्रतीची ठरणार होती. त्यांनी फिशर यांच्याशी वाद घालण्यासाठी नीतीचा आधार घेतला नाही. त्यांनी त्यांचेच साधन वापरले, त्यांच्याच संग्रहातील कवट्या मोजल्या आणि जे आढळले ते लिहिले.

पुढे काय घडले, हे इतिहास सांगतो. १९३३ साली नाझी पक्ष सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३५ साली न्यूरेंबर्ग येथे जाहीर झालेल्या कायद्यांनी ज्यू कोण, याची व्याख्या केली. ती करताना कायद्याने कवटीचे माप विचारले नाही. माणसाच्या चार आजी-आजोबांपैकी कितीजण ज्यू धर्मसमुदायाचे होते, हे त्याने पाहिले. म्हणजे वंश हाडांत असतो असे सांगणाऱ्या राजवटीलाही माणूस ओळखण्यासाठी धर्माच्या नोंदवहीत डोकवावे लागले. जे शरीरावर स्पष्ट दिसते, त्यासाठी कोणी कागद तपासत नाही. ओळख चोरण्याचे साहित्य याच फटीतून जन्माला येते.

४.५ पुण्यातील कार्य : जात म्हणजे काय?

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. हिंगण्याच्या माळावर सुरू झालेलेच हे विद्यापीठ. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली, तर 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी ही त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक होय.

बर्लिनहून परतल्यावर त्यांनी मापे घेणे सोडले नाही. महाराष्ट्रातील निरनिराळ्या ज्ञातींची शारीरिक मापे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली, वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले असे एक काम १९५१ साली प्रसिद्ध झाले. आज आपल्याला ही पद्धती अस्वस्थ करते आणि ते योग्यच आहे. माणसांचे गट डोक्याच्या मापावरून पाडण्याची रीत शास्त्राने आता टाकून दिली आहे. इरावतीबाईंच्या लेखनातही त्या काळच्या वंशविषयक परिभाषेचे अवशेष आढळतात. तरीही या मापांतून त्यांनी काढलेला अर्थ रिस्ले यांच्या अगदी उलट होता. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती प्रत्यक्षात एक नसतात, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रातील सगळे कुंभार म्हणजे एक विस्तारलेले कुटुंब नव्हे. त्यांच्यात परस्परांशी रोटी-बेटी व्यवहार नसलेले अनेक गट आहेत. ब्राह्मणांचेही तसेच. क. च. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात समान दर्जाच्या आठ ब्राह्मण ज्ञातींची तुलना केली आहे. जात हा आपसांत विवाह करणारा नातेसंबंधांचा विस्तृत गट आहे, ही त्यांची मुख्य भूमिका. ती मान्य केली की 'जात रक्तात असते' या समजुतीचा पाया ढासळतो. उरतो तो फक्त विवाहाचा नियम आणि तो पाळणारी माणसे.

येथे मराठी भाषेची एक अडचण पाहू. 'वंश' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सूर्यवंश, यदुवंश यांत तो कुळाचा वाचक आहे. कृष्णवंशीय, आर्यवंश यांत तो मानवगटाचा वाचक झाला. 'वर्ण' हा शब्दही रंग आणि चातुर्वर्ण्यातील स्थान असे दोन्ही अर्थ वाहतो. शब्द एक असल्यामुळे कल्पनाही एकच आहेत, असा भास होतो. परीक्षेतील उत्तर लिहिताना आपण कोणत्या अर्थाने हे शब्द वापरतो, ते आधी स्पष्ट करावे.

ललित लेखनातही ओळखीचा हा प्रश्न इरावतीबाईंनी अनेकदा हाताळला. 'परिपूर्ती' या लेखात एका सभेत वक्त्या म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते : अमुक थोर पुरुषाची सून, अमुक प्राध्यापकांची पत्नी. काहीतरी राहून गेले, असे त्यांना वाटत राहते. ते रस्त्यात एका शाळकरी मुलाच्या तोंडून पूर्ण होते. तो त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतो. लेख खेळकर आहे, पण त्यातील निरीक्षण गंभीर आहे. आपण कोण, हे नेहमी दुसराच कोणीतरी उच्चारतो. पंढरीच्या वारीवरील 'वाटचाल' या लेखात त्यांनी दिंडीतील जातिभेदही पाहिला. ब्राह्मण व मराठा वारकरी एकाच वाटेने, एकच नाम घेत चालतात, पण जेवायला वेगळे बसतात. ही गोष्ट त्यांना बोचत राहिली.

४.६ 'युगान्त' आणि कर्ण

'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन इरावतीबाईंनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण इत्यादी व्यक्तींचा शोध घेतला. देवत्व आणि चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी या व्यक्तींना माणसे म्हणून पाहिले.

कर्णावरील लेखाचा गाभा म्हणजे आपण कोण, हा कर्णाला आयुष्यभर छळणारा प्रश्न. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' कादंबरीने कर्णाला मराठी वाचकाच्या हृदयात नायकाचे स्थान दिले. इरावतीबाईंची दृष्टी अधिक कठोर आहे. कर्णाकडे त्या केवळ अन्यायाचा बळी म्हणून पाहत नाहीत. त्याच्या पराक्रमाचीही त्या तपासणी करतात, त्याच्या बढाईचीही. जो प्रश्न सुटत नाही, तो माणसाचे वर्तन कसे वाकवितो, हे त्या दाखवितात.

या प्रश्नाचा आधार महाभारताच्या मूळ कथेतच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग रंगभूमीवरचा. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृप त्याचे कुळ विचारतो. हा प्रश्न कोणत्या क्षणी येतो, हे पाहावे. कर्णाने आपले अस्त्रकौशल्य नुकतेच दाखविले आहे, त्याची बरोबरी सिद्ध झाली आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी कुळाची विचारणा होते. दुर्योधन त्याला अंगदेशाचे राज्य देतो. तेवढ्यात वृद्ध अधिरथ सारथी येतो आणि कर्ण आपले नुकतेच अभिषेक झालेले मस्तक त्याच्यापुढे नमवितो. भीम त्याला चाबूक हाती घेण्यास सांगून हिणवितो. प्रेक्षकांत बसलेल्या कुंतीला उत्तर ठाऊक आहे, पण ती बोलत नाही.

दुसरा प्रसंग परशुरामाच्या आश्रमातला. ब्रह्मास्त्राची विद्या द्रोण देत नाही, म्हणून कर्ण आपण भार्गव ब्राह्मण आहोत असे सांगून परशुरामाकडे शिकतो. हे ओळख चोरणेच आहे आणि कारणही तेच : दाराआड जे आहे, ते खरे नाव सांगून मिळत नाही. गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला असताना एक कीटक मांडी पोखरतो. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. रक्ताने जागा झालेला परशुराम म्हणतो की, इतकी वेदना ब्राह्मण सोसणार नाही. म्हणजे तो सोशिकतेवरून जातीचे निदान करतो. निदानाप्रमाणे कर्ण क्षत्रिय ठरतो. कर्ण स्वतःला सूत म्हणवून कबुली देतो. आणि कथा ऐकणाऱ्याला माहीत असते की तो कुंतीचा पुत्र आहे. एकाच देहाला या प्रसंगात चार ओळखी मिळतात : सांगितलेली, ताडलेली, मानलेली आणि दडविलेली. कोकणच्या आख्यायिकेत वाहून आलेल्या अनोळखी प्रेतांना ब्राह्मण्य बहाल करणारा परशुराम येथे ब्राह्मण म्हणविणाऱ्या शिष्याला शाप देतो. ओळख देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याने दिली तर ती पावन. आपली आपण घेतली तर ती चोरी.

तिसरा प्रसंग उद्योगपर्वातला. कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे सत्य सांगून राज्य देऊ करतो. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला, ते उत्तर हाती येते आणि कर्ण ते नाकारतो. राधेने पाजलेले दूध, अधिरथाचे प्रेम, सूतकुळातील पत्नी आणि मुले यांची आठवण तो देतो. रक्ताचे नाते सिद्ध झाल्यावरही तो वागविलेल्या नात्याला अधिक खरे मानतो. कवट्या मोजून वंशाची खूण न सापडलेल्या संशोधिकेला या कथेने खिळवून ठेवले असेल, तर त्यात नवल नाही.

'युगान्त'नंतर इरावतीबाई फार काळ जगल्या नाहीत. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

४.७ असे साहित्य वर्गात शिकविताना

आपल्यापैकी अनेकजण शिक्षक आहेत किंवा होणार आहेत. बागूलांची कथा, डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनातील बडोद्याचा प्रसंग किंवा कर्णाची कथा वर्गात शिकविताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) चर्चेचा आरंभ पात्राच्या खोटेपणापासून करू नये. १९१७ साली बडोद्यात कोठेही जागा मिळेना, तेव्हा डॉ. आंबेडकर पारशी नाव घेऊन पारशी पथिकाश्रमात राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला हा माणूस होता. खोटे का बोलले, हा प्रश्न येथे अपुरा पडतो. कुळाची विचारणा कोण करते, कोणत्या क्षणी करते, आणि खरे सांगितल्यास काय हिरावले जाते, हे आधी विचारावे.

(२) वंश आणि जात यांची तुलना करावी, पण त्यांना एक मानू नये. अमेरिकन कादंबरीत त्वचेचा रंग दगा देतो किंवा साथ देतो. मराठी कथेत दगा देते ती भाषा आणि आडनाव. गाव कोणते, आळी कोणती, कुलदैवत कोणते, हे प्रश्न वरकरणी आपुलकीचे असतात. त्यांची उत्तरे मात्र जातीपर्यंत नेतात. 'पाणी'ऐवजी 'पानी' असा उच्चार ऐकताच ऐकणारा बोलणाऱ्याविषयी ग्रह करून घेतो. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने 'न' आणि 'ण' यांत उच्चनीच काही नाही. तो बोलींतील नियमित भेद आहे. तरीही शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली उच्चाराची ही चाळणी सुरूच राहते. शिक्षकाने वर्गात कोणाच्या उच्चारावर हसू नये आणि हसू देऊ नये, याचे कारण हेच.

(३) विद्यार्थ्याला स्वतःच्या जातीविषयी बोलण्यास कधीही सांगू नये. ही कथा शिकविताना काही शिक्षक सद्हेतूने वर्गाला स्वतःचे अनुभव विचारतात. हा प्रश्न ज्याला खरोखर लागू असतो, त्याच्यासाठी तो कृपाचाच प्रश्न असतो. पुण्यात शिकायला आलेला, भाड्याची खोली शोधताना आडनाव आणि आहार सांगून थकलेला एखादा विद्यार्थी त्याच बाकावर बसलेला असू शकतो. त्याचे मौन हा त्याचा अधिकार आहे. बोलायचे असेल तर तो पात्राविषयी बोलेल. साहित्याने दिलेली ती सोय आहे.

(४) ज्यांना ओळख कधी लपवावी लागली नाही, त्यांनाही कथेत स्थान आहे, हे दाखवून द्यावे. रंगभूमीवर कृप आहे, भीम आहे, गप्प बसलेली कुंती आहे. आपण यांपैकी कोण आहोत, असा प्रश्न संपूर्ण वर्गाला मनातल्या मनात विचारता येतो. त्याचे उत्तर मोठ्याने मागू नये.

आपली प्रगती तपासा
१. न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू व्यक्तीची व्याख्या कशाच्या आधारे केली?
२. 'जात चोरणे' आणि 'अंग चोरणे' या शब्दप्रयोगांतील साम्य सांगा.

४.८ सारांश

ब्रह्मदेशात जन्मून पुण्यात वाढलेल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्यांची मापे घेऊन असा निष्कर्ष काढला की, कवटीची असमानता वंशावर अवलंबून नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी जात हा आपसांत विवाह करणारा नातेसंबंधांचा गट आहे, ही भूमिका मांडली. 'युगान्त'मध्ये त्यांनी कर्णाला ओळखीच्या न सुटलेल्या प्रश्नाचा माणूस म्हणून वाचले. त्यांच्या पद्धतीवर त्यांच्या काळाच्या मर्यादा आहेत; त्या सांगूनच त्यांचे मोल करावे. ओळख शरीरात सापडत नाही. ती विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये ठरते आणि दोघांची सत्ता सारखी नसते. ओळख चोरण्याचे साहित्य या विषमतेचे साहित्य आहे. ते वाचताना आपले लक्ष उत्तर देणाऱ्याइतकेच विचारणाऱ्याकडेही असले पाहिजे.

४.९ पारिभाषिक शब्द

सुप्रजननशास्त्र : निवडक विवाहांद्वारे मानवी पिढी सुधारता येते, असे मानणारी, आता त्याज्य ठरलेली विचारसरणी.
चिकित्सक आवृत्ती : अनेक हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेली ग्रंथाची संहिता.
सूत : सारथ्य व राजवंशांच्या कथा सांगणे ही कामे करणारा वर्ग.

४.१० स्वाध्याय

१. इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील संशोधनाचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट करा.
२. परशुराम-कर्ण प्रसंगातील 'ओळखी'चे विविध स्तर उलगडून दाखवा.
३. बाबुराव बागूल यांच्या कथेतील नायक आणि महाभारतातील कर्ण यांची तुलना करा. दोघांना प्रश्न विचारणारे कोण, याकडे विशेष लक्ष द्या.
४. 'वंश' आणि 'वर्ण' या शब्दांच्या अनेकार्थतेमुळे होणारा वैचारिक गोंधळ उदाहरणांसह लिहा.

क्षेत्रीय कार्य : पहिल्या भेटीत लोक एकमेकांना कोणते प्रश्न विचारतात, याची आठवडाभर नोंद ठेवा. व्यक्तींची नावे लिहू नका. त्यांतील कोणते प्रश्न जातीच्या माहितीकडे नेतात, यावर एक पानाचे टिपण तयार करा.